दहा किलोचे पाटे

बीर सुवैद,
३ ऑक्टोबर १९९४

रावया ताईस खैरल्लाचा सलाम.

बूशनाफच्या गाडीवरून ऑलिव्हची बरणी पाठवली आहे. गझालाने मीठ जरा सढळ हाताने टाकलंय, तेव्हा कुरकुर करू नकोस. भावजयीच्या हातचं तुला नेहमीच खारट लागतं.

आता कामाचं. ईदला आलो होतो तेव्हा तुझ्या दुकानात वरच्या फळीवर एक रिमोटची पिकअप होती. रश्दी दाजींनी जहाजावरून येताना आणलेली, हुबेहूब आपल्या पिकअपसारखी, मागचा हौदासुद्धा तस्साच. ती मला हवी आहे. हसू नकोस. मिफ्ताहने कुठून तरी एक पैदा केली आहे आणि दर शुक्रवारी टेकडीवर माझ्या नाकावर टिच्चून पळवतो. चाळिशीचा ट्रॅक्टरवाला माणूस, हातात रिमोट घेऊन पोरासारखा किंचाळतो. त्याची जिरवायची आहे.

फक्त एवढं कर, की तिचे स्प्रिंगचे पाटे कडक करून दे. खाली पाटेच आहेत ना, खऱ्या गाडीसारखे? चारा भरायचा असला की आपण पिकअपला जादा पट्टी घालतो, तसं काहीतरी कर. तुझा हात लागला की झालं.

खैरल्ला

अलेक्झांड्रिया,
९ ऑक्टोबर

खैरल्ला,

ऑलिव्ह पोचले. खारट आहेत. गझालाला सांगू नकोस, पण अर्धी बरणी संपली.

गाडी देते. हे अजून समुद्रावरच आहेत, आल्यावर फळी रिकामी बघून तोंड वाकडं करतील, ते मी निस्तरेन. पण पाट्यांच्या बाबतीत तुझं डोकं खऱ्या पिकअपचं आहे, ते इथे उपयोगाचं नाही. खरी पिकअप मालाने दबते म्हणून तुम्ही पट्टी वाढवता. ही बिचारी एवढीशी, हलकी, आणि पाटे जाड पोलादाचे. ते वाकतच नाहीत. दगड आला की एक चाक हवेत, आणि गाडी टुणकन उडी मारून उलटी. अगमीच्या किनाऱ्यावर वाळूत गाड्या पळवणारी माझी सगळी गिऱ्हाइकं हेच सांगत येतात, बाई, कडक करून द्या. मी मान हलवते आणि त्यांच्या पट्ट्या काढून डब्यात टाकते. मुख्य पट्टी ठेवायची, तिच्याखाली एक. टोकं घासून निमुळती करायची, मधे तेलाचं बोट फिरवायचं. पाट्याच्या मागच्या टोकाचं लोंबतं कडं मोकळं झुललं पाहिजे, नाहीतर पाट्याला सरळ व्हायला जागाच राहत नाही. खालची ती एक पट्टीही काढलीस तर जोर लावताच आस पिळवटतो, म्हणून ती ठेवायची. मग बघ, चारही चाकं जमीन सोडत नाहीत.

तसंच करून पाठवते आहे. मिफ्ताहचं तोंड कसं झालं ते मात्र सविस्तर लिही.

रावया

बीर सुवैद,
१७ ऑक्टोबर

ताई,

काय गाडी दिली आहेस! दगडावर चढते, ओघळीत उतरते, कुठे अडत नाही. गझाला म्हणाली, नवऱ्यापेक्षा शहाणी आहे.

पण एक घोटाळा आहे. हौद्यात माल टाकला की तिची पाठ टेकते. चाकं अंगाला घासतात आणि ती जागच्या जागी गुरगुरते. मला दहा किलो वाहणारी हवी. तुझ्या डब्यातल्या पट्ट्या सगळ्या परत घाल, वर आणखी घाल, पण दहा किलो गेले पाहिजेत. इकडे शर्यत मालासकटच लावतात, वाळूच्या पिशव्या बांधून.

आणि हे सांग, तिला रिमोट किती लांबून ऐकू येतो? मी तारेजवळच्या ढिगाऱ्यावर उभा राहिलो आणि ती खाली सपाटीला दूर गेली, तर मधेच बहिरी होईल का? ती बंद पडली तर आणायला जाता येणार नाही, म्हणून विचारतो.

खैरल्ला

अलेक्झांड्रिया,
२० ऑक्टोबर

खैरल्ला,

कुठली तार?

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. बंद पडली तर आणायला जाता येणार नाही अशी जागा आपल्याकडे एकच आहे. आजोबांच्या पाण्याच्या टाकीकडची. तिथे तू गाडी कशाला सोडतो आहेस? आणि शर्यतीत मालाचं काय काम? मी बूशनाफला विचारलं, मिफ्ताहकडे अशी गाडी आहे का. तो खो खो हसला. म्हणाला, मिफ्ताहकडे ट्रॅक्टरचा जॅकसुद्धा स्वतःचा नाही.

मला खोटं का लिहिलंस?

तू तेव्हा पाळण्यात होतास. करडू तारेखालून गेलं म्हणून सालेम त्याच्या मागे गेला. मी बाहेर चूल पेटवत होते. इंग्रज आणि जर्मन आपापसात लढून कधीचे घरी गेले होते, आणि त्यांनी पुरून ठेवलेला सुरुंग आपल्या भावाच्या पायाखाली आला. त्याला चादरीत आणलं. चादरीच्या चारी टोकांना गाठी मारल्या होत्या आणि त्या सोडायला बाबांनी आईला दिल्या नाहीत. मला अजूनही चादरीला गाठ मारता येत नाही, धोब्याकडचे कपडे मी तसेच उचलून नेते.

खरं काय ते उलट टपाली कळव. मला भीती वाटते आहे.

रावया

बीर सुवैद,
२४ ऑक्टोबर

ताई,

बूशनाफला आता मी बघतो. असो. खोटं लिहिलं, चुकलं. खरं सांगितलं असतं तर तू गाडी दिली नसतीस.

ऐक. समुद्राकडची आपली अंजिरांची पट्टी गेली, तिथे आता बंगले उभे राहतायत. मेंढरं कुठे घालू? उरली ती आजोबांची टाकी आणि तिच्याभोवतीची जमीन. बाबांनी तिथे जन्मात पाय ठेवला नाही, मीही नाही. आता शेजारच्या औन टोळीचे लोक म्हणतात, जो नांगरत नाही त्याची जमीन कसली? त्यांचं चुकत नाही, रिवाज तोच आहे. ते मोठ्यांच्या बैठकीत दावा लावणार आहेत. एकदा दावा लागला की निकाल होईपर्यंत त्या जमिनीत कोणाचाच नांगर चालत नाही, आणि निकाल पडीक जमिनीच्या मालकाकडे कधी लागलेला मी पाहिला नाही. त्याआधी माझी बार्ली तिथे उगवलेली दिसली, तर मात्र कोणी ब्र काढणार नाही. पहिला पाऊस पडून गेला आहे, आता वेळ घालवून चालणार नाही.

म्हणून गाडी. ढिगाऱ्यावर उभं राहायचं आणि दहा किलो माल लादून ती जमिनीवरून फिरवायची, नांगराच्या तासासारखी, एकाला लागून एक. काही असेल तर तिच्याखाली उडेल, माझ्याखाली नाही. दहा किलो थोडे वाटतात, पण विचार कर. उंटाचा पाय पसरट असतो, हिची चाकं बोटाएवढी. तेवढ्याशा जागेवर दहा किलो म्हणजे उंटापेक्षा जास्तच रुतते ती. मी पिठात करून बघितलंय, गझाला ओरडली.

तू घाबरतेस ते मला कळतं. पण माझ्या हातात मेंढरं आणि ही जमीन एवढंच आहे. कडक पाटे दे. नाही दिलेस तर मेंढरं पुढे घालीन आणि त्यांच्या मागून मी जाईन. ही धमकी नाही, दुसरा रस्ता नाही म्हणून लिहितो आहे.

खैरल्ला

अलेक्झांड्रिया,
२९ ऑक्टोबर

खैरल्ला,

तुझा पिठाचा हिशोब वाचून मी दुकान बंद करून आत जाऊन बसले.

मी रोज या गाड्या उघडते, बांधते. त्या खऱ्या गाडीसारख्या दिसतात म्हणून त्यांच्यावर लोकांचा जीव बसतो. पण त्या खऱ्या नाहीत. गाडी लांबीला दहा पट लहान असली की वजनाला हजार पट लहान होते. काही सुरुंग माणसासाठी असतात, काही रणगाड्यासाठी. रणगाड्यासाठी ठेवलेल्याला तुझी दहा किलोची गाडी म्हणजे पाल गेल्यासारखी. आणि चाक वरून जातं रे. नांगराचा फाळ खाली जातो. वरून गाडी सुखरूप गेली म्हणून खाली काही नाही, हे तुला कोणी सांगितलं? ती काहीच सांगत नाही. फक्त तुझी भीती घालवते, आणि मला नेमकी त्याचीच भीती आहे.

तू ऐकणार नाहीस. बाबांसारखा आहेस, एकदा मनात घेतलं की मान खाली घालून चालू पडतोस. मेंढरांच्या मागून जाण्यापेक्षा गाडी बरी.

पाटे सोबत देते आहे. मी स्वतः बनवले, घड्याळाच्या जाड कमानीच्या पट्ट्या कापून. कडक आहेत. हळू चालव.

रावया

बीर सुवैद,
५ नोव्हेंबर

ताई,

हात चुंबतो तुझे. पाटे असे बसले की दहा किलो लादून गाडी तसूभर दबली नाही. तीन दिवस सकाळी ढिगाऱ्यावर उभा राहून फिरवली. टाकीच्या अलीकडची अर्धी जमीन झाली. काही नाही! गझालाने पहिल्या दिवशी कान झाकले, दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आली. आता येणारे-जाणारेही थांबतात.

आज मात्र ठेच लागली. एका उथळ ओघळीत मागचं चाक पडलं आणि टक् करून आवाज आला. पाटा मोडला. एकाच जागी नाही, तुकडे झाले असावेत, कारण हौदा एकदम खाली बसला. पार मधोमध उभी आहे ती, टाकीच्या वाटेवर. रिमोट दाबला की नुसती थरथरते.

तू काळजी करू नकोस. दाजींची एवढी महागाची गाडी तिथे टाकून मी बसणार नाही, तुला तोंड दाखवायला लाज वाटेल. तिच्या चाकांचे ठसे स्वच्छ उमटले आहेत. ती गेली तिथे काही झालं नाही, म्हणजे त्याच ठशांवर पाय ठेवून गेलो तर मलाही काही होणार नाही. उद्या ऊन चढायच्या आत आणतो. दुसरा पाटा तयार ठेव.

खैरल्ला

अलेक्झांड्रिया,
६ नोव्हेंबर, दुपार

खैरल्ला, जाऊ नकोस.

बूशनाफ दारात गाडी चालू ठेवून उभा आहे, मी उभ्यानेच लिहिते आहे. पाटा मोडला तो माझ्यामुळे. मी तो मोडण्यासाठीच बनवला होता. पट्ट्या लाल तापवून पाण्यात बुडवल्या आणि परत मऊ केल्या नाहीत. तशी पट्टी कडक असते, पण काचेसारखी तडकते. मला वाटलं, गाडी पहिल्याच खड्ड्यात मोडेल, तू वैतागशील, तोवर औनचे लोक दावा लावतील आणि हे सगळं संपेल. ती आत मधोमध मोडेल आणि तू आणायला जाशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सालेम करडू आणायला गेला होता आणि मला हे सुचलं नाही!

गाडी राहू दे. गंजू दे. दाजींना मी सांगेन समुद्रात पडली. ठशांवर पाय ठेवू नकोस, तुझं वजन तिच्या किती तरी पट आहे. गझाला, तू हे वाचत असशील तर त्याचे जोडे लपव.

आज सहा तारीख आहे आणि तू लिहिलं आहेस की उद्या म्हणजे सहालाच. मी हे कोणाला लिहिते आहे, मला कळत नाही.

बीर सुवैद,
८ नोव्हेंबर

ताई,

जिवंत आहे! आधी हे वाच, मग श्वास घे.

तुझं पत्र आलं तेव्हा गाडी आमच्या अंगणात होती आणि मी तिची चाकं धूत होतो. सहा तारखेलाच सकाळी गेलो. खोटं बोलत नाही, पहिली दहा-बारा पावलं भीत भीतच टाकली. पाय बरोबर ठशावर पडेपर्यंत दुसरा उचलत नव्हतो. मग मधे पोचल्यावर अचानक भीती गेली. मी उभा राहिलो आणि आजूबाजूला बघितलं. ताई, आजोबांची टाकी किती सुंदर आहे! तोंडावरच्या दगडावर दोऱ्यांच्या खाचा आहेत, आणि आत पाणी आहे, मी खडा टाकून ऐकलं. आपल्या घरातलं कोणी इतक्या वर्षांत तिथे उभं राहिलं नव्हतं. परत येताना ठसे बघितलेही नाहीत, सरळ चालत आलो.

तू मला फसवलंस. वाचून एवढा संताप आला की पत्र चुलीत घालणार होतो. मग हसू आलं. पाटा मोडला नसता तर मी आत पाऊल टाकण्याची हिंमत केलीच नसती, नुसती गाडीच फिरवत बसलो असतो. तुझ्या मोडक्या पाट्याने माझी भीती मोडली. तेव्हा तुला माफ.

येत्या गुरुवारी मिफ्ताह ट्रॅक्टर घेऊन येतो आहे. खोल नांगर लावणार, जमीन इतकी वर्षं पडून दगडासारखी झाली आहे. मी त्याच्या शेजारी मडगार्डवर बसेन, वाट दाखवायला. बियाणं आणलं. बार्ली कापायला तू ये, दाजींनाही घेऊन ये.

तुझा खैरल्ला

अलेक्झांड्रिया,
८ नोव्हेंबर, संध्याकाळ

बैठकीचे प्रमुख अब्दुलकवी काका यांच्या सेवेशी, मुक्काम अल-हमाम.

आपल्या भावाची मुलगी रावया हिचा सलाम. हे पत्र बूशनाफ आपल्या हातात देईल. कृपा करून आजच वाचावं आणि उद्या सूर्य मावळायच्या आत बीर सुवैदला माणूस पाठवावा.

आजोबांच्या टाकीभोवतीच्या जमिनीत माझा बापाकडून आलेला वाटा आहे. भावाच्या दोन वाट्यांना माझा एक, हे अल्लाने लिहिलेलं आहे आणि ते कोणी पुसलेलं नाही. मी तो आजवर मागितला नाही. आता मागते आहे. माझ्या भावाने मला न विचारता नांगर लावायचं ठरवलं आहे, गुरुवारी. माझा दावा बैठकीत घ्यावा आणि निकाल होईपर्यंत तिथे त्याचा, माझा, औनच्या लोकांचा, कोणाचाही नांगर चालू नये, असा हुकूम द्यावा.

आपल्यात मुली वाटा मागत नाहीत हे मला माहीत आहे. मागितला तर माहेर तुटतं हेही माहीत आहे. आपण मला समजवायला माणूस पाठवू नये. माणूस तिकडे पाठवावा.

रावया बिन्त इद्रीस

बीर सुवैद,
१४ नोव्हेंबर

रावयास,

ताई लिहीत नाही.

बुधवारी काकांची माणसं आली. गुरुवारी मिफ्ताह ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा मी त्याला तारेशीच अडवून परत पाठवला. त्याने कारण विचारलं, तर काकांचा हुकूम एवढंच सांगितलं. शनिवारी बैठक झाली. सगळ्यांसमोर काकांनी विचारलं, तुझी बहीण तुझ्याविरुद्ध वाटा मागते, हे खरं का? औनचा मोठा मुलगा हसला. मी खाली मान घालून हो म्हटलं. भाऊ-बहिणीचं भांडण मिटेपर्यंत जमीन पडून राहणार, असं ठरलं. पेरणी गेली. यंदा मेंढरं विकावी लागतील.

तू कशासाठी केलंस ते मला कळतं, मी मूर्ख नाही. पण मी त्या जमिनीत उभा राहिलो होतो. पाय ठेवून परत आलो होतो. तिथे काही नाही. तू तुझ्या भीतीपायी मला चारचौघांत गाडलंस. पाटा मोडलास ते माफ केलं होतं, हे होणार नाही.

तुझी गाडी बूशनाफबरोबर परत पाठवतो आहे. आई-बाप गेले तेव्हा मी तुला म्हणालो होतो की माझं घर ते तुझं माहेर. ते परत घेतो. या दारात येऊ नकोस. माझी बहीण नाही.

खैरल्ला इद्रीस

अलेक्झांड्रिया,
२० नोव्हेंबर

खैरल्ला,

गुरुवार ते सोमवार माझ्या पोटात अन्न गेलं नाही. दुकानात कोणी आलं की मला वाटायचं, हा आता तुझी वाईट बातमी सांगणार. काकांच्या माणसाचा निरोप आला तेव्हाही विश्वास बसला नाही. तुझं पाकीट हातात आलं, वर तुझं अक्षर दिसलं, तेव्हा मी फळ्या लावून घेतल्या आणि खाली बसून इतकी रडले की शेजारचा घड्याळजी दार ठोठावायला लागला. आत काय लिहिलं आहे ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

तुझं बरोबर आहे. तिथे काही नसेलही. ते मला कधी कळणार नाही आणि तुलाही कळू देणार नाही.

माझं माहेर तू एकटाच होतास, त्यामुळे आता मला माहेर नाही. ईदला मी तुझ्याकडे येणार नाही, गझालाच्या हातचं खारट काही खाणार नाही.

पण एक ऐकून ठेव. काका म्हातारे आहेत, पुढच्या वर्षी कोणीतरी तडजोड करायला येईल, तू वाटा देऊन टाकशील, आणि पाऊस पडला की पुन्हा मिफ्ताहला बोलावशील. मी वाटा घेणार नाही. सोडणारही नाही. दरवर्षी पहिला पाऊस पडला की बैठकीत माझा दावा पोचेल, मी जिवंत असेपर्यंत. तू दरवर्षी मला असंच पत्र लिही, यापेक्षा वाईट लिही, वाटेल त्या शिव्या घाल. दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेऊ नकोस. स्वतः लिही.

रावया